दोन दूरच्या शहरांमधलं हवाई अंतर आणि विमानाला लागणारा वेळ : हिशेब जुळत का नाही?

अक्षरेखा

दोन शहरं एकमेकांपासून किती लांब आहेत असं विचारलं की आपण किलोमीटर सांगतो, आणि पुढचा प्रश्न हमखास येतो, "मग विमानाने किती वेळ?" खरं तर एका भागाकारात उत्तर निघायला हवं. पण तसं ते निघत नाही.

लॉस एंजेलिस ते टोकियो अंतर सुमारे ८,८०० किमी. हिवाळ्यात जायला बाराच्या आसपास तास लागतात, यायला दहा. अंतरात काही फरक नाही, विमानाची जातही तीच. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचा प्रकार याहून वरताण. गोलावर मोजलेलं सर्वांत कमी अंतर १२,४०० किमीच्या जवळपास. एअर इंडियाचं विमान आधी अटलांटिकवरून जायचं, ती वाट १३,९०० किमीची. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी तोंड फिरवलं आणि पूर्वेला पॅसिफिकवरून विमान नेलं. ही वाट सुमारे १५,३०० किमी, आणि उड्डाण साडेचौदा तासांत पुरं झालं! चौदाशे किलोमीटर जास्त कापून जवळपास दोन तास वाचले.

मी वेळापत्रकं आणि नकाशे आवडीने वाचते. "अमुक ते तमुक अंतर" शोधलं की किलोमीटरचा एक आकडा आणि त्याला ठरावीक वेगाने भागून काढलेला वेळ अशी जोडी सगळीकडे मिळते. त्या जोडीवर विसंबून लोक पुढचं जोडविमान ठरवतात, घ्यायला येणाऱ्यांना वेळ कळवतात. माझ्या मते असा वेळ सांगणं म्हणजे दिशाभूल आहे. तो खरा कशावर ठरतो, हे जाणकारांनी सविस्तर लिहावं.

चौकस

मस्त विषय. आधी एक बाळबोध शंका. सीटसमोरच्या पडद्यावर विमानाचा मार्ग कायम वर कमान टाकून गेलेला दिसतो. सरळ गेलं तर अंतर वाचणार नाही का?

गणिती

@चौकस, ती कमान हीच सरळ वाट आहे. वाकडा आहे तो नकाशा.

घरात पृथ्वीगोल असेल तर दोन शहरांवर दोरा धरून घट्ट ताणा. दोरा जिथून जाईल ती सर्वांत जवळची वाट. तिला ग्रेट सर्कल म्हणतात, कारण ती रेघ तशीच पुढे नेली तर पृथ्वीचे बरोबर दोन अर्धे करणारं वर्तुळ तयार होतं. दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्कोवर दोरा ताणला तर तो युरोपकडेही जात नाही आणि जपानकडेही नाही, थेट उत्तर ध्रुवाच्या अंगाने जातो. भिंतीवरच्या नकाशावर हे दिसणं शक्यच नाही. मर्केटरचा नकाशा १५६९ सालचा, दर्यावर्दींसाठी केलेला. त्यावर आखलेली सरळ रेघ म्हणजे होकायंत्रावर एकच दिशा धरून जाण्याची वाट. सुकाणू धरणाऱ्याला ती सोयीची, पण जवळची नव्हे. उत्तरेकडे प्रदेश ताणून मोठे दिसतात, म्हणून तिथून जाणारी आखूड वाट लांबलचक वाटते.

मोजायची रीत सोपी आहे. पृथ्वीच्या मध्यापासून दोन शहरांकडे दोन रेघा काढल्या तर त्यांच्यात जो कोन होतो, त्याच्या प्रत्येक अंशाला सुमारे १११.२ किमी. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्कोचा कोन अक्षांश-रेखांशांवरून १११.३ अंश येतो. गुणाकार केला की १२,३८० किमीच्या आसपास. विमानवाले नॉटिकल मैलात का मोजतात तेही यातच आहे. अंशाचे साठ भाग केले तर एक भाग म्हणजे एक नॉटिकल मैल, १.८५२ किमी.

वेगवेगळ्या ठिकाणी आकडे थोडे वेगळे दिसतात. पृथ्वी पूर्ण गोल नाही (विषुववृत्तावर त्रिज्या ६,३७८ किमी, ध्रुवांकडे ६,३५७). कुणी साधा गोल धरतं, कुणी चपटेपणा हिशेबात घेतं. त्याने फार तर अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. शिवाय कुणी शहराचा मध्य धरतं, कुणी धावपट्टी. हा फरक क्षुल्लक आहे. तुमचे दोन तास यात हरवलेले नाहीत.

वारा_वाहे

दोन तास वाऱ्यात आहेत. माझ्या जिव्हाळ्याचा विषय, त्यामुळे थोडं लांबेल.

जमिनीपासून ९ ते १२ किमी उंचीवर, म्हणजे नेमकी जिथे प्रवासी विमानं उडतात तिथे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद आणि जोरदार पट्टे वाहतात. हेच जेट स्ट्रीम. वेग ताशी १५० किमीच्या पुढे जाणं नेहमीचं, कधी तीनशेच्याही वर. विषुववृत्त आणि ध्रुव यांच्या तापमानात जितकी तफावत जास्त तितका हा वारा जोरकस, म्हणून हिवाळ्यात तो सर्वांत तगडा. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून हा वारा मोजला होता. त्यांनी अहवाल १९२६ मध्ये एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेत छापला, जगाने वाचावा म्हणून. जगाने तो वाचला नाही. १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ विमानं जपानवर उंचावरून गेली तेव्हा वैमानिकांना या वाऱ्याशी झगडावं लागलं. इतकं महत्त्वाचं काम इतकी वर्षं पडून राहिलं याची मला आजही चुटपुट लागते.

आता हिशेब. जेट विमान ध्वनीच्या ०.८५ पट वेगाने उडतं. त्या उंचीवर बाहेर उणे ५६ अंशांच्या आसपास तापमान असतं, तिथे हा वेग ताशी ९०० किमीच्या जवळ येतो. पण हा हवेतला वेग. हवा स्वतःच १०० किमी वेगाने समोरून येत असेल तर जमिनीवर ८०० च भरतात. १२,००० किमीचा प्रवास घ्या.

वारा नाही : १३ तास २० मिनिटं
वारा समोरून १०० : १५ तास
वारा पाठीमागून १०० : १२ तास

जाता-येता मिळून २७ तास. वारा नसता तर २६ तास ४० मिनिटं लागली असती. जाताना गमावलेलं येताना भरून निघतं असं आपण समजतो, तसं होत नाही. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं, त्यामुळे नुकसान नेहमी फायद्याहून मोठं.

अक्षरेखा, तुमच्या २०१६ च्या उड्डाणाला हेच लावून बघा. १५,३०० भागिले साडेचौदा म्हणजे सरासरी १,०५५. विमानाचे स्वतःचे नऊशे, वरचे दीडशे वाऱ्याने दिलेले. परत येताना पुन्हा पूर्वेकडेच तोंड ठेवून अटलांटिकवरून आलं की तेव्हाही वारा पाठीशीच. फेब्रुवारी २०२० मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोचलं होतं, जमिनीच्या हिशेबाने कमाल वेग ताशी १,३२७ किमी.

चौकस

१,३२७ म्हणजे ध्वनीपेक्षा जास्त ना? मग ते स्वनातीत झालं की.
आणि पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमान पश्चिमेला निघालं तर खालून शहरच त्याच्याकडे सरकत येईल. मग पश्चिमेला वेळ कमी लागायला हवा, उलट जास्त कसा?

वारा_वाहे

स्वनातीत नाही. विमान सभोवतालच्या हवेतून नेहमीच्याच वेगाने चाललं होतं, ती हवाच धावत होती. ध्वनीचा अडथळा हवेशी असतो, जमिनीशी नाही.

दुसरा प्रश्न मला फार जणांनी विचारलाय, आणि तो चांगला प्रश्न आहे. विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,६७० किमी वेगाने फिरतो. हवा मागे राहत असती तर तिथे उभ्या माणसाला तेवढ्या वेगाचा वारा अंगावर घ्यावा लागला असता. तसं होत नाही, कारण हवा पृथ्वीबरोबरच फिरते आणि धावपट्टीवर उभं विमानही. पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम होतो तो आडवळणाने : विषुववृत्ताकडची गरम हवा ध्रुवांकडे निघते, फिरण्यामुळे पूर्वेला वळते, आणि तिथून हे पश्चिमी वारे तयार होतात.

रात्रपाळी

इतके दिवस नुसता वाचत होतो, या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना. मी फ्लाइट डिस्पॅचमध्ये आहे. विमान कुठल्या वाटेने जाणार, किती इंधन घेणार हे कागदावर मांडणं हे आमचं काम. वर सगळं बरोबर आलंय, पण ग्रेट सर्कल ही आमच्यासाठी फक्त सुरुवातीची रेघ. त्या रेघेवरून जसंच्या तसं विमान क्वचित जातं.

अटलांटिकचं उदाहरण घ्या. युरोप आणि उत्तर अमेरिकेच्या मधल्या समुद्रावर वाऱ्याचा अंदाज बघून रोज नव्या वाटा आखल्या जातात. ते काम शॅनविक आणि गँडर ही दोन नियंत्रण केंद्रं करतात. पूर्वेकडे जाणाऱ्यांना जेट स्ट्रीमच्या आत बसवायचं, पश्चिमेकडे जाणाऱ्यांना त्याच्यापासून लांब ठेवायचं. त्यामुळे आजची वाट आणि परवाची वाट यात शेकडो किलोमीटरचा फरक असू शकतो.

मग डोंगर. भारतातून पूर्व आशियाकडे जाणारी बरीच विमानं तिबेटला वळसा घालतात, तो उंचीमुळे नाही, विमान वरून सहज जाईल. केबिनमधला हवेचा दाब गेला तर तीन हजार मीटरपर्यंत खाली यावं लागतं आणि प्रवाशांच्या मास्कमधला ऑक्सिजन साधारण पंधरा-वीस मिनिटं पुरतो. तिबेटचं पठार सरासरी साडेचार हजार मीटर उंच. खाली यायला जागाच नाही. तिथून जायचं तर जादा ऑक्सिजन आणि बाहेर पडण्याच्या वाटा आधीच ठरवलेल्या लागतात.

तिसरी गोष्ट इंजिनं. दोन इंजिनांच्या विमानाला, एक बंद पडलं तर दुसऱ्यावर ठरावीक मिनिटांत एखादा विमानतळ गाठता यायला हवा. १९८५ मध्ये ही मर्यादा १२० मिनिटं झाली, १९८८ मध्ये १८०. एअरबसच्या ए-३५० ला २०१४ मध्ये ३७० मिनिटांपर्यंत मंजुरी मिळाली. मोठे महासागर आज दोन इंजिनांवर जवळपास सरळ ओलांडता येतात ते यामुळे.

आणि सर्वांत मोठा घटक, ज्यावर आमचा काडीचाही ताबा नाही : बंद आकाश. हेलसिंकी ते टोकियो फिनएअरला साडेनऊ तास लागायचे. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियाचं आकाश बंद झालं आणि तोच प्रवास तेरा तासांवर गेला, कधी उत्तर ध्रुवावरून तर कधी दक्षिणेकडून वळसा घालून. १९८३ मध्ये त्यांनी पहिल्यांदा विनाथांबा टोकियो गाठलं तेव्हाही ध्रुवावरूनच, तेराच तासांत. चाळीस वर्षांत विमानं कुठल्या कुठे गेली आणि वेळ परत तिथेच आला. भारताबाबतही तेच. पाकिस्तानचं आकाश २०१९ मध्ये फेब्रुवारीअखेर ते जुलै बंद होतं, एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना पुन्हा बंद झालं. दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांना आधी दक्षिणेला समुद्राकडे उतरावं लागतं. शहरं एक मिलिमीटरही हललेली नाहीत, तरी प्रवास लांबला.

हंगामी

हे सगळं पटलं. पण विमान कंपन्या वेळापत्रकात मुद्दाम जास्त वेळ लिहितात, हेही खरं ना? साडेआठ तास सांगायचे, आठ तासांत उतरवायचं आणि "वेळेआधी पोचलो" म्हणून टाळ्या घ्यायच्या.

रात्रपाळी

@हंगामी, राखीव मिनिटं असतात, नाकारत नाही. पण तिकिटावरचा वेळ हा हवेतला वेळ नसतोच. तो ब्लॉक टाइम : चाकांखालचे चॉक्स (अडकवायचे ठोकळे) निघाल्यापासून पलीकडे पुन्हा लागेपर्यंत. यात विमान मागे ढकलणं, टॅक्सी (विमानाचं जमिनीवरून चालत जाणं), धावपट्टीच्या रांगेत उभं राहणं, उतरताना घिरट्या, मग गेटपर्यंतची टॅक्सी, सगळं आलं. हीथ्रोला येणाऱ्या विमानांसाठी बॉविंग्डन, लँबर्न, ऑकम आणि बिगिन अशा चार घिरट्यांच्या जागा नेमलेल्या आहेत, गर्दीच्या वेळी तिथे फिरवणं हा रोजचा व्यवहार. एवढी गर्दी असताना नेमका हवेतला वेळ छापला तर निम्मी विमानं रोज उशिरा ठरतील. वेळापत्रकही दोन हंगामांत वेगळं असतं, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. उन्हाळ्यातला आकडा पाहून हिवाळ्यातला प्रवास आखू नये ही कळकळीची विनंती.

नभा

घड्याळाबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. तिकिटावर निघण्याची वेळ निघणाऱ्या गावाची आणि पोचण्याची वेळ पोचणाऱ्या गावाची. या दोन सरळ वजा करून प्रवासाचा वेळ काढणारे लोक मी नेहमी बघते, आणि मग "फक्त साडेचार तास?" असा आनंद होतो.

दोन्ही वेळा यूटीसीत, म्हणजे जगभर प्रमाण मानल्या जाणाऱ्या एकाच वेळेत आणा, मगच वजाबाकी करा. लॉस एंजेलिस–टोकियोच घेऊ, हिवाळ्यातला नमुना. टोकियो यूटीसीच्या ९ तास पुढे, लॉस एंजेलिस ८ तास मागे. टोकियोहून सोमवारी संध्याकाळी ५ ला निघालात तर यूटीसी सोमवार सकाळचे ८. लॉस एंजेलिसला सोमवारीच सकाळी १० ला उतरलात, यूटीसी संध्याकाळचे ६. प्रवास दहा तासांचा, आणि उतरल्यावर स्थानिक घड्याळ निघण्याच्या आधीची वेळ दाखवतंय. परतताना सोमवारी सकाळी ११ ला निघून मंगळवारी दुपारी ४ ला टोकियो. बारा तासच, पण तारीख बदलली. आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना हॉटेलचं बुकिंग एक दिवस चुकतं ते इथे.

भारताचं घड्याळ वर्षभर तेच असतं, लंडन-न्यूयॉर्कचं उन्हाळ्यात एक तास पुढे जातं. तेवढ्याने भारतातून निघणाऱ्याच्या सगळ्या वजाबाक्या बदलतात.

हंगामी

थांबा घेऊन जाण्याचं काय? मधल्या शहरातून गेलं की अंतर खूप वाढतं असं वाटतं.

गणिती

मधलं शहर दोऱ्याच्या किती जवळ आहे त्यावर. मुंबई–न्यूयॉर्क थेट सुमारे १२,५५० किमी. मुंबई–दुबई १,९३० आणि दुबई–न्यूयॉर्क ११,०२०, बेरीज १२,९५०. जेमतेम चारशे किलोमीटर वाढले, तीन टक्क्यांच्या आसपास. हवेत अर्धा तास. वेळ जातो तो जमिनीवर : एकदा जादा उतरणं, जादा चढणं, जादा टॅक्सी आणि पुढच्या विमानाची वाट पाहणं. म्हणून थांब्याच्या प्रवासात किलोमीटर बघूच नका, मधला थांबा किती तासांचा आहे ते बघा.

आणि ज्यांना झटपट अंदाज हवाय त्यांच्यासाठी ढोबळ सूत्र. ग्रेट सर्कलचे किलोमीटर भागिले ८५०, अधिक पस्तीस-चाळीस मिनिटं. सिंगापूर–न्यूयॉर्क १५,३५० किमीला हे १८ तास ४० मिनिटांच्या जवळ देतं, वेळापत्रकही साधारण तेच म्हणतं. पर्थ–लंडन १४,५०० ला साडेसतराच्या थोडं वर, तेही जुळतं. लॉस एंजेलिस–टोकियोला अकरा, म्हणजे जाण्या-येण्याच्या बरोबर मधला आकडा. पूर्व-पश्चिम लांब प्रवास असेल तर पश्चिमेला तासभर जास्त, पूर्वेला तासभर कमी धरा. उत्तर-दक्षिण प्रवासात ही तफावत कमी. बंद आकाश मधे आलं तर मात्र सूत्र कोलमडतं.

अक्षरेखा

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. माझं म्हणणं आता अधिक ठामपणे मांडते : दोन शहरांसाठी वेळेचा एकच आकडा देणाऱ्या प्रत्येक पानाने निदान दिशा आणि हंगाम तरी लिहायला हवा.

एक शेवटची उत्सुकता. जगातली कुठलीही दोन शहरं फार तर वीस हजार किमी लांब असणार, पृथ्वीच्या निम्म्या घेराएवढी. सूत्राने चोवीस तास येतात. मग सगळीकडे विनाथांबा का जात नाहीत?

रात्रपाळी

इंधन वाहून न्यायलाच इंधन लागतं, म्हणून. शेवटच्या तासाला लागणारं इंधन आधीचे सगळे तास उचलून न्यावं लागतं, त्यामुळे अंतर थोडं वाढलं तरी इंधन त्याहून जास्त वाढतं आणि तेवढे प्रवासी आणि माल कमी करावा लागतो. सिंगापूर–न्यूयॉर्कवर ए-३५०-९०० यूएलआर (खास अतिलांब पल्ल्याची जात) उडतं. त्याच्या टाक्यांत १,६५,००० लिटर मावतं, मूळ जातीत १,४१,०००. आणि आसनं फक्त १६१, त्यात साधा इकॉनॉमी वर्ग नाहीच. त्याच जातीच्या विमानात इतर कंपन्या जवळपास दुप्पट माणसं बसवतात.

ऑस्ट्रेलियाच्या क्वांटास कंपनीने २०१९ मध्ये न्यूयॉर्क ते सिडनी विनाथांबा चाचणी उड्डाण केलं. १९ तास १६ मिनिटं लागली, आणि विमानात पन्नासच्या आसपास माणसं होती, मालाच्या कोठ्या रिकाम्या. सिडनी–लंडन सुमारे १७,००० किमी. त्यासाठी त्यांनी मे २०२२ मध्ये १२ ए-३५०-१००० मागवली. ज्या विमानात तीनशेहून जास्त आसनं बसतात त्यात २३८ च ठेवायची त्यांची योजना आहे. लंडनला जाताना ते विमानही पश्चिमेला तोंड करूनच उडेल, त्यामुळे गणितींच्या सूत्राचे वीस तास चाळीस मिनिटं त्याला पुरतील असं मला वाटत नाही. आमच्यासारख्या कुणाला तरी रोज संध्याकाळी वाऱ्याचा तक्ता बघून ठरवावं लागेल की आज कुठल्या बाजूने न्यायचं.